फक्त माहितीसाठी

...आणि फोटोखाली लिहिलंय काय, तर 'छंद : बेकिंग, ट्रेकिंग आणि शास्त्रीय संगीत'. सृष्टी भोईटे आणि बेकिंग! अहो, हॉस्टेलवर हिनं मॅगी केली की पातेलं टाकून द्यावं लागायचं. आणि ट्रेकिंग म्हणाल तर साताऱ्याकडची पोरगी असून अजिंक्यताऱ्याच्या दुसऱ्या वळणावर ही मटकन खाली बसली होती, मी पाहिलंय, मी तिची पाण्याची बाटली धरून उभी होते तिथं. संगीताचं तर मी काही बोलतच नाही, साडेपाच वर्षं एका खोलीत काढलीयत, ही आंघोळीला गेली की काय ऐकू यायचं ते माझं मला माहीत. पण तिकडं अमेरिकेतल्या हॉस्पिटलच्या वेबसाइटवर, साऱ्या जगाला दिसेल असा तिचा फोटो, निळं जाकीट, जाकिटावर पांढऱ्या दोऱ्यानं विणलेलं नाव, आणि दात... एवढे दात तिला आहेत हे मला साडेपाच वर्षांत कळलं नव्हतं.

नाही, तुमचा गैरसमज नको. तिचा फोटो बघायला म्हणून मी काही ती वेबसाइट उघडली नव्हती. माहितीसाठी उघडली होती. फक्त माहितीसाठी.

तुम्हाला पहिल्यापासून सांगते, नाहीतर डोक्यावरून जाईल. मी स्वप्नाली चौगुले. तासगावजवळ आमची द्राक्षबाग, वडील रायगोंडा, आई गुणमाला, आणि मी एमबीबीएस. एमबीबीएस झालं की माणूस डॉक्टर झाला असं वाटतं ना तुम्हाला? मलाही वाटायचं. तसं नसतं. पुढं रेसिडेन्सी करायची, म्हणजे तीन वर्षं हॉस्पिटलात राबत राबत शिकायचं, आणि ती अमेरिकेतच करायची असं सृष्टीनं आणि मी तिसऱ्या वर्षाला असतानाच ठरवलं होतं. पद्धत अशी की आपण तिथल्या हॉस्पिटलांना अर्ज करायचा, त्यांना वाटलं तर ते मुलाखतीला बोलावणार, मग आपण त्यांची नावं पसंतीनं लिहायची, ते आपली लिहिणार, आणि मार्चमध्ये कॉम्प्युटर दोन्ही याद्या जुळवून सांगणार, कुणाचं कुणाशी जमलं ते. हे ऐकून बाबा म्हणाले, "म्हंजे लग्नच की." म्हटलं, हो, फक्त नकार आला तर कारण कुणी सांगत नाही. तर म्हणाले, "लग्नात तरी कोण सांगतंय?"

पहिल्या वर्षी दोघींनी अर्ज केले. तिचं जमलं. माझं नाही.

आता बघा, अभ्यास कुणाचा? माझा. नोट्स कुणाच्या? माझ्या. चार रंगांच्या पेनांनी लिहिलेल्या, तिनं झेरॉक्स काढलेल्या, तीही ब्लॅक अँड व्हाइट. हृदयाचे आवाज हिच्या कानाला कधी कळायचे नाहीत, स्टेथोस्कोप लावून नुसती भिंतीकडं बघत बसायची. मी आमच्या ट्रॅक्टरवरून शिकवले तिला. इंजिन नीट चालू असलं तर असं धग-धग, धग-धग... आणि मागच्या फवारणीच्या ब्लोअरचा पाइप कुठं फाटला असला तर मधूनच फुस्स, तर तो फुस्स म्हणजे झडप गळतीय असं समज. समजली. पास झाली. अमेरिकेला गेली! आणि मी आमच्या ट्रॅक्टरजवळच.

म्हटलं, ठीक आहे, पुन्हा अर्ज करू. पण यात एक मेख असते. पास होऊन ठरावीक वर्षं उलटली की पुष्कळ ठिकाणी अर्ज उघडूनसुद्धा बघत नाहीत, आणि माझ्या हिशेबानं मला हे एकच वर्ष उरलं होतं. यंदा नाही तर नाहीच. मग बाबांचा बेत तयार होता, तासगावात दवाखाना. गाळा बघून ठेवलेला. वाईट नाही हो दवाखाना, पण ज्या गोष्टीसाठी दोघी मिळून जागलो ती एकीलाच मिळाली, तर दुसरीनं जन्मभर सर्दी-खोकला बघताना कुणाची आठवण काढायची? म्हणून यंदा चुकायचं नाही, प्रत्येक वेबसाइट नीट वाचायची असं ठरवलं.

आता ह्या वेबसाइटी. शेकड्यानं आहेत, आणि एक उघडली की सगळ्या उघडल्यासारख्याच. वर एक नदी, नदीवर पूल, पुलामागं उंच इमारती, खाली एकसारखी जाकिटं घातलेले दहा-बारा डॉक्टर हसतायत, आणि मोठ्या अक्षरात, 'आम्ही एक कुटुंब आहोत'. अहो, कुटुंब मला घरी आहे, तुम्ही व्हिसा देता का ते सांगा. तर व्हिसाचं कुठं असतं? कोपऱ्यात. 'अधिक माहितीसाठी इथे दाबा.' आपण दाबतो. उघडतो काय, कॅन्टीनचा मेनू! तोही तीन वर्षांपूर्वीचा. एका हॉस्पिटलनं जवळपासच्या हॉटेलांची यादी दिली होती, पिझ्झा कुठं, कॉफी कुठं, कुत्र्याला फिरवायला बाग कुठं... पण बाहेरच्या देशातला डॉक्टर घेतात का नाही यावर एक अक्षर नाही. एकाच्या वेबसाइटवर तर जे विद्यार्थी म्हणून हसत होते ते शिकून, नोकरीला लागून, टक्कल पडून गेले असतील, तरी फोटोत अजून पहिल्या वर्षाला.

मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? तर 'आमचे रेसिडेंट' नावाचं पान उघडायचं आणि तोंडं मोजायची. हसू नका, सगळे अर्जवाले हेच करतात. नाव वाचायचं, चेहरा बघायचा, कुठल्या कॉलेजचा आहे बघायचं, आणि अंदाज बांधायचा, की इथं बाहेरचे चार आहेत, म्हणजे पाचव्याला दार थोडं उघडं असणार. बाबाही चष्मा लावून शेजारी बसायला लागले. "ह्यो आपल्यातला दिसतोय. नाक बघ त्येचं. समडोळीचा असंल." समडोळीचा कसला, तो पेरू देशाचा निघाला, कार्लोस नावाचा. बाबांना पटेना. "असू दे की. आजा-पणजा गेला असंल तिकडं."

मी पद्धतशीर एक्सेल केलं. एक रकाना व्हिसाचा, एक पास झालेल्या वर्षाचा, एक बाहेरच्या डॉक्टरांच्या आकड्याचा. आणि शेवटी एक छोटा रकाना, त्यावर नुसतं 'सृ'. तो कशाला, म्हणाल, तर तो तुलनेला. म्हणजे हे हॉस्पिटल सृष्टीच्या हॉस्पिटलपेक्षा मोठं का लहान, हे शहर सृष्टीच्या शहरापेक्षा बरं का वाईट, यांची जाकिटं सृष्टीच्या जाकिटापेक्षा... माहितीसाठी हो. फक्त माहितीसाठी.

आणि तुलना करायची म्हटल्यावर तिचं पान उघडावं लागणारच की. सकाळी एकदा, दुपारी एकदा, जेवणाआधी एकदा. पुढं पुढं असं झालं की पहिलं अक्षर दाबलं की पुढचा सगळा पत्ता कॉम्प्युटर आपणहून लिहायला लागला. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, उगाच तुम्हीही उघडाल. त्या पानावरची माणसं मला घरच्यासारखी झाली. एमिली दोर लावून डोंगर चढते. तो पेरूचा कार्लोस इथलाच, त्याला जुळं झालंय. इजिप्तचा उमर फुटबॉल खेळतो, फोटोत गुडघ्याला पट्टी. त्यांचे मुख्य डॉक्टर हॉफमन, पांढऱ्या मिश्या, फोटोत मासा धरून उभे. आणि सगळ्यात शेवटी वॅफल. वॅफल म्हणजे कुत्रा. तपकिरी, गुबगुबीत, डॉक्टर मंडळी दमली की त्यांच्या मांडीवर आणून ठेवतात म्हणे. त्याच्या गळ्यात हॉस्पिटलचं आयकार्ड, कार्डावर त्याचा फोटो, आणि खाली हुद्दा, 'आनंदप्रमुख'. म्हणजे बघा, सृष्टीला कार्ड, कुत्र्याला कार्ड, आणि चार रंगांच्या पेनांनी नोट्स काढणारी मी अशी विनाकार्डाची. जळले. सरळ सांगते, सृष्टीवर तर जळलेच, कुत्र्यावरही जळले.

एक दिवस बाबांनी लॅपटॉप हळूच मिटला आणि म्हणाले, "ह्यो सगळा बायोडाटा झाला. बायोडाट्यात कोण खरं लिवतंय? पोरगा निर्व्यसनी, शेती बागायती, सगळ्यांचंच असतंय. चौकशी कराय पायजे. ज्यांची पोरगी दिलीया त्यांच्या घरी जाऊन इचारलं की कळतंय, स्थळ कसं हाय."

म्हटलं, बाबा, अमेरिकेच्या हॉस्पिटलची चौकशी करायला कोण कुणाच्या घरी जातं?

"आपण जायाचं. साताऱ्याला. सृष्टीच्या वडलांकडं."

आता माझी अवस्था समजून घ्या. जिच्यावर आपण दिवसातून तीनदा, माहितीसाठी, जळतोय, तिच्या घरी बेदाण्याचं खोकं घेऊन जायचं आणि विचारायचं, तुमच्या मुलीचं छान चाललंय ना? मी नाही म्हटलं, ताप आलाय म्हटलं, आईनं थर्मामीटर लावला, डॉक्टरच्या घरात तेही सोंग चालत नाही. निघालो. कराड ओलांडलं, साताऱ्याच्या अलीकडं त्यांच्या गावचा फाटा आला, बाबांनी गाडी हळू केली आणि बघतच राहिले.

फाट्यावर बोर्ड. फ्लेक्स! वीस फूट लांब. मधोमध सृष्टी, तोच फोटो, तेच जाकीट, तेच दात, पण इथं एकेक दात माझ्या तळहाताएवढा. 'गावची सुकन्या डॉ. सृष्टी आकाराम भोईटे अमेरिकेच्या सेवेत रुजू झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' इथवर ठीक. पण वर कोपऱ्यात, जिथं एरवी आमदार असतात ना, तिथं गोलात हॉफमन साहेब, मिश्या, मासा सगळं आणि खाली 'आधारस्तंभ : मा. डॉ. मायकल (आबा) हॉफमन'. आणि तळाला 'शुभेच्छुक', आणि त्या ओळीत त्या वेबसाइटवरची सगळीच्या सगळी मंडळी, एकेका गोलात. एमिलीताई. कार्लोसभाऊ. उमरशेठ. आणि शेवटच्या गोलात, जीभ बाहेर काढून, 'मा. वॅफल'.

बोर्ड केलेला नाथाजी तिथंच फाट्यावर दुकान टाकून बसलेला. बाबांनी गाडीतून उतरून विचारलं, "ही मंडळी कोण हायती?"

"वेबसाइटवरनं घेतली आवं," नाथाजी म्हणाला. "पोरीच्या वडलांनी, सुभेदारांनी फोटो दावला, म्या बाकीचं बी उचललं. शुभेच्छुक नसले तर बोर्ड बरा दिसत न्हाई, खाली मोकळं ऱ्हातंय."

मी म्हटलं, "अहो, पण शेवटचा कुत्रा आहे."

"त्येच्या गळ्यात कार्ड हुतं की. म्हटलं, कमिटीवर असंल."

तुम्ही हसताय. मला मात्र हसू येईना, कारण मला आठवला माझा फ्लेक्स. मी एमबीबीएस झाले तेव्हा आमच्याही फाट्यावर लागला होता, सहा फुटी, आणि पाऊस संपायच्या आत बाबांनी तो काढून आणला आणि औषध फवारायच्या ब्लोअरवर झाकण म्हणून बांधला. मजबूत कापड असतं म्हणे. अजून तिथंच आहे, मी उलटी लटकलेय, एका डोळ्यातून सुतळी आरपार. आणि हे माझेच वडील तिथं उभे राहून सृष्टीच्या बोर्डाचा फोटो काढत होते, वर नाथाजीचा नंबर घेत होते. "काम झ्याक हाय पोराचं," म्हणाले. कुणाला म्हणाले, तर मला.

घरी सृष्टीचे वडील, सुभेदार आकाराम भोईटे, रिटायर झाले तरी पाठ ताठ. भिंतीवर त्यांचा वर्दीतला फोटो, आणि त्याच्या शेजारी, त्याच मापाच्या फ्रेममध्ये, वेबसाइटचं पान. हो, छापून, काच लावून, हार घालायला खिळा मारून. "आवं या या चौगुले. पोरगीची पोस्टिंग बघितलीसा न्हवं? फॉरवर्ड एरिया हाय, पर युनिट चांगलं हाय."

आणि बाबांनी चौकशी सुरू केली हो, अगदी रीतसर. माणसं कशी हायती? बोलाचालायला बरी हायती न्हवं? मोठ्या साहेबांचा सभाव कसा? घरात... म्हणजे हॉस्पिटलात, दंगा न्हाई न्हवं कुणाचा? आकारामकाका म्हणाले, मला विचारण्यापेक्षा तिलाच विचारा, आणि लावला व्हिडिओ कॉल. आपल्याकडं दुपारचे चार, तिकडं सकाळचे साडेसहा.

फोटोतले ते दात कुठं गेले कुणास ठाऊक. केस क्लिपमध्ये कसेबसे, डोळ्यांखाली काळं, पार्किंगमधून चालता चालता काहीतरी सुकं चघळतीय. मला बघितलं आणि म्हणाली, "काय गं, जाड झालीस." साडेपाच वर्षांची मैत्रीण असली की ती असंच बोलते.

बाबा मधे घुसले. "बाळ, जेवणाचं कसं? आमी जैन, आमची कांदा-लसूण खात न्हाई, दिवस मावळल्यावर जेवत न्हाई."

"काका, इथं उन्हाळ्यात दिवस रात्री नऊला मावळतो, तेव्हा तिची चैन. थंडीत पाचलाच मावळतो, तेव्हा ती उपाशी. आम्ही बाकीचे बाराही महिने उपाशीच असतो."

मी म्हटलं, "ते बेकिंगचं काय गं?"

"फॉर्मवर छंद लिहायचे होते. मी 'झोपणे' लिहिलं. त्यांनी परत पाठवला. मग शेजारचीचं बघून लिहिलं."

शेजारचीचं बघून! जन्मभर हिनं शेजारचीचंच बघून लिहिलं, आणि तेव्हा शेजारची मी होते. हे मी मनात म्हणत होते तेवढ्यात ती थांबली, एका गाडीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या नोट्स इथं आणल्यात मी. स्वप्ने, इथं सगळे चांगले आहेत, पण मला 'अगं' म्हणणारं कुणी नाही. तू ये. मी मोठ्या सरांना तुझं सांगते."

आता अशा वेळी माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं की नाही? आलं. माझ्याही आलं. अगदी पापणीपर्यंत आलं... आणि तेवढ्यात तिनं गारठा लागला म्हणून ते जाकीट घातलं. नाव विणलेलं. माझ्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. म्हटलं, "काही सांगू नकोस. माझं मी बघेन."

परत येताना बाबा खुशीत. "स्थळ चांगलं हाय. पोरगी खरं बोलली, रडली न्हाई, माघारी यायचं नाव काढलं न्हाई. आणि माणसं तर आपण बोर्डावर बघितलीच. टाक अर्ज." मी म्हटलं, तिथं सोडून जगात कुठंही टाकीन. एक्सेलमध्ये त्या हॉस्पिटलची ओळ मी रिकामी ठेवली होती, मुद्दाम. सप्टेंबर संपत आला, शेवटच्या दिवशी मी सगळे अर्ज पाठवले आणि अगदी शेवटी... तो पण पाठवला. का? माहितीसाठी. म्हणजे बघू तरी, काय म्हणतात. फक्त माहितीसाठी.

सगळा ऑक्टोबर गेला. नोव्हेंबर गेला. बागेत छाटणी होऊन घड दिसायला लागले, माझ्या मेलबॉक्सला काही फळ नाही. आई रोज देवळातून आली की आधी माझ्या तोंडाकडं बघायची. गाळ्याच्या मालकाचा बाबांना दोनदा फोन आला. नकारसुद्धा धड येत नव्हते हो... आणि डिसेंबरात एकच बोलावणं आलं. एकच. कुठलं असेल? तुमचा अंदाज बरोबर आहे. मी ते पत्र वाचलं, आनंदानं उडी मारली, आणि हवेत असतानाच लक्षात आलं की हिनं सांगितलं असणार. खाली आले ती चिडूनच आले.

मुलाखत व्हिडिओवर, आपल्या संध्याकाळी साडेसातला. आईनं दिवस मावळायच्या आत पोटभर जेवायला घातलं, बाबांनी गल्लीतली कुत्री हाकलली, आणि दोघं कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा बेतानं कपाटाला चिकटून बसले. मी पाठांतर केलेलं, रुग्णसेवा, संशोधन, विविधता, त्यांच्याच वेबसाइटवरची वाक्यं त्यांनाच ऐकवायची. पडदा उघडला. समोर हॉफमन साहेब. त्याच मिश्या, फक्त मासा नाही. म्हणाले, नमस्कार, वेळ काढल्याबद्दल आभार. आणि माझ्या तोंडून गेलं, "थँक यू, आबा."

कपाटापाशी आईनं कपाळाला हात लावलेला मला दिसला.

साहेब म्हणाले, आबा म्हणजे काय? आता काय सांगणार? सगळं पाठांतर पळालं. मी म्हटलं, आबा म्हणजे आमच्याकडं मानाचा मोठा माणूस, आणि तुम्ही आबा आहात हे आमच्याकडं छापून आलंय. कुठं? साताऱ्याच्या अलीकडच्या फाट्यावर. मग बाबांनी काढलेला तो फोटोच दाखवला पडद्यावर. साहेबांनी चष्मा घातला, काढला, परत घातला. "हा मी आहे." म्हटलं, हो, तुम्ही आधारस्तंभ. एकेकाचं नाव सांगितलं, ही एमिलीताई, हा कार्लोसभाऊ, जुळी कशी आहेत त्याची? उमरचा गुडघा बरा झाला का? साहेब दार उघडून बाहेर गेले आणि दोन डॉक्टर, एक बाई, आणि शप्पथ सांगते, वॅफलला घेऊन आले. वॅफल स्वतःचा फ्लेक्स बघून भुंकला. साहेब म्हणाले, आमची वेबसाइट एवढी बारकाईनं वाचणारा उमेदवार आम्हाला आजवर मिळाला नव्हता. आता त्यांना काय सांगू, की मी ती कशासाठी वाचत होते?

शेवटी ते म्हणाले, एक राहिलं. आमच्याकडं एक रुग्ण होता, त्याच्या छातीतला आवाज सृष्टीनं सगळ्यांच्या आधी ओळखला, आणि विचारलं तर म्हणाली, ट्रॅक्टरच्या पाइपातली गळती आहे ही, हे मला माझ्या मैत्रिणीनं शिकवलं. ती मैत्रीण तूच का?

हो म्हटलं. एवढंच म्हटलं. आणि तुम्हाला सांगते, इतका वेळ मला धरून ठेवणारं ते जळणं त्या क्षणी असं काही लाजलं... पण गेलं नाही. बसून राहिलं कोपऱ्यात.

मार्चमध्ये निकाल. बेदाण्याच्या शेडवर सगळे द्राक्षं टाकण्यात गुंतलेले, मी चिकट हातानंच मोबाइल उघडला. जमलं! तिथंच. तीन वर्षं. आईनं आधी माझे हात धुतले आणि मग माझ्या गळ्यात पडून रडली. बाबा गाळ्याच्या मालकाला फोन लावून "न्हाई, नगं आता" म्हणाले आणि शेडमागं जाऊन बराच वेळ नाक शिंकरत राहिले. मी सृष्टीला फोन केला, ती किंचाळली, मी किंचाळले, मग ती म्हणाली, "आता मी तुझी सीनियर." सीनियर! शिकवलं कुणी, सीनियर कोण... जाऊ दे. तिकडच्या ऑफिसनं फोटो आणि छंद मागवले. मी 'वाचन' लिहिलं. काय वाचन, ते लिहिलं नाही.

आणि बाबांनी फ्लेक्स सांगितला. यंदा सहा फुटी नाही, वीस फुटी, आणि आपल्या तासगावातला कुणी नाही, नाथाजीच पाहिजे. माझा फोटो त्याला पाठवला आणि माझ्यासमोर फोनवर सांगितलं, "सृष्टीचा केलासा तसाच पायजे. त्यातलं काय बदलू नगा, फकस्त आमची पोरगी घाला."

टेम्पोतून बोर्ड आला, बाबा बागेत होते, चार पोरांनी दोऱ्या आवळून फाट्यावर उभा केला, आणि आम्ही बघायला गेलो. मधोमध वीस फुटांत सृष्टी. जाकीट, दात, सगळं जसंच्या तसं. 'गावची सुकन्या डॉ. सृष्टी आकाराम भोईटे.' वर आबा, माशासकट. आणि खाली शुभेच्छुकांच्या ओळीत एमिलीताई, कार्लोसभाऊ, उमरशेठ, वॅफल... आणि वॅफलच्या पलीकडं, जागा पुरली नाही म्हणून अर्धा कान कापलेल्या गोलात, मी. 'स्वप्नालीताई'.

बाबांनी नाथाजीला फोन लावला, लाल झालेले. पलीकडून आवाज आला, "आवं तुमीच म्हणलासा की, काय बदलू नगा, पोरगी घाला. घातली की."

आठ दिवस झाले. येणारा-जाणारा थांबून वाचतो. काल गावच्या विकास सोसायटीतली धोंडुबाई घरी आली, माझ्या तोंडात साखर घातली आणि म्हणाली, "ही सृष्टी कोण गं? लय हुशार दिसतीया." बाबा म्हणतात उतरवू, दुसरा करू. मी म्हटलं, राहू द्या. फोटो काढून सृष्टीला पाठवला, तिनं तो तिकडं डॉक्टरांच्या खोलीत चिकटवलाय, खाली सगळ्यांनी सह्या केल्यात, वॅफलचा पंजासुद्धा उठवलाय. जुलैत मी पोचले की पहिलं तेच दिसणार मला.

जळते का अजून? आता काय सांगू तुम्हाला... तासगावच्या फाट्यावर वीस फुटी बोर्डावर छापून आलंय, मी तिची शुभेच्छुक आहे. आणि एकदा छापून आलं म्हटल्यावर तसं वागणं आलंच. हे आपलं तुमच्या माहितीसाठी. फक्त माहितीसाठी.